डोह कोणाच्या खात्यात?

रीतसरकाकांनी परवानगी मागितली नसती तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण काकांनी परवानगी मागायची नाही म्हणजे मांजराने दुधाकडे पाठ करून बसायचं. हा माणूस स्वतःच्या लग्नातसुद्धा अंगठी घालण्याआधी सासऱ्यांकडे वळून "घालू ना?" असं विचारून मोकळा झाला होता. बसमध्ये बाक रिकामा दिसला तरी आधी चौफेर बघून "ही जागा कुणाची आहे का?" असं विचारायचे, आणि कुणी उत्तर दिलं नाही तर आपला थांबा येईपर्यंत उभेच राहायचे. नगरपालिकेच्या मालमत्ता विभागात ते हेडक्लार्क होते. "जे व्हायचं ते रीतसर होऊ दे" हे वाक्य त्यांच्या तोंडून इतक्या वेळा निघायचं की कॉलनीतल्या पोरांपासून ऑफिसच्या शिपायापर्यंत सगळे त्यांना रीतसरकाकाच म्हणत. काकांना त्याचा राग येत नसे.

त्या वर्षी काकूंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. जिना चढताना त्या दर पायरीला सासरच्या एकेका माणसाचं नाव घ्यायच्या, आणि ते काही प्रेमाने नसे. डॉक्टर म्हणाले, "पोहा." नगरपालिकेचा तरणतलाव दुरुस्तीसाठी बंद होता, खरं सांगायचं तर बांधून झाल्यापासून तो दुरुस्तीसाठीच बंद होता. शेवटी समोरच्या घरातल्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळं गाव मोठ्या बाई म्हणायचं, त्या एका सकाळी काकूंना हाताला धरून खडकातल्या डोहावर घेऊन गेल्या.

हा डोह दीपस्तंभाच्या पलीकडे, काळ्या खडकांच्या कुशीत होता. भरतीला समुद्र त्यात पाणी भरायचा आणि ओहोटीला परत जाताना ते तिथेच विसरून जायचा. किनाऱ्याच्या बाजूला कुणीतरी कधीतरी खोदलेल्या पायऱ्या होत्या. मोठ्या बाई आणि त्यांच्या चारचौघी मैत्रिणी तिथे वर्षानुवर्षं सकाळच्या पोहत होत्या. काकू आधी नुसत्या काठाला धरून पाय हलवायच्या. मग हात सुटला. मग एक दिवस त्या पाठीवर पडून तरंगल्या, आणि घरी आल्या त्या ओल्या केसांनी गाणं गुणगुणतच. काका पेपर वाचत होते. काकूंच्या तोंडून गाणं ऐकून त्यांना किती वर्षं झाली होती हे त्यांना आठवेना, आणि पेपरातली एकच ओळ ते पुन्हा पुन्हा वाचत बसले. गाणं संपू नये असं त्यांना वाटत होतं.

आता शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. पण काकांच्या डोक्यात किडा वळवळला. उद्या कुणी हटकलं तर? "बाई, कुणाला विचारून पोहताय?" असं म्हणालं तर काकू दाखवणार काय? स्वतः काकांचा पाण्याशी संबंध बादलीपुरता होता, त्यामुळे ते काही सोबत जाऊन उभे राहणार नव्हते. काकूंचा वाढदिवस जवळ आला होता. काकांनी ठरवलं, बायकोला वाढदिवसाला सही-शिक्क्यानिशी परवानगी भेट द्यायची. हसू नका. इतरांचे नवरे दागिने देतात. काकांच्या लेखी शिक्क्याइतका टिकाऊ दागिना जगात दुसरा नव्हता. त्यांनी तर काचेची एक चौकटही आणून कपाटामागे लपवून ठेवली होती.

कॉलनीत सल्ला मागावा लागत नाही, तो जिन्यातच उभा असतो. वरच्या मजल्यावरचे वकील म्हणाले, "लेखीच घ्या, काका. तोंडी परवानगीचा काही भरवसा नाही."

"पण तोंडीसुद्धा कुणी दिलेली नाही."

"मग तर लेखीच घ्या!"

तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर मात्र मान हलवत म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेताय? ज्या पाकिटावर पत्ता नसतो, त्याच्या मागे कुणी लागत नाही. त्या डोहाला पत्ता नाही, तोवर तो सुखात आहे बघा." पण पोस्टमास्तरांना ऐकू कमी यायचं, आणि म्हणून त्यांचंही कुणी ऐकू नये असा कॉलनीचा न्याय होता. काकांनी वकिलांचं ऐकलं.

अर्जदार म्हणून काकांनी अर्ज दिला, हेडक्लार्क म्हणून तो स्वीकारला, आणि स्वतःच स्वतःला पोच दिली. मग खुर्चीत बसून त्यांनी तो अर्ज वाचला. अर्ज इतका नेटका होता की अर्जदाराविषयी त्यांच्या मनात आदर दाटून आला. पण आपल्याच अर्जावर आपणच शेरा मारणं त्यांच्या तत्त्वात बसेना. म्हणून त्यांनी तो उपअभियंत्यांकडे पाठवला, आणि आपण निःपक्षपाती आहोत हे दिसावं म्हणून समासात एक ओळही लिहिली: 'सदर डोह कोणाच्या ताब्यात आहे, याची खात्री करावी.'

त्या ओळीने घात केला. उपअभियंता तरुण होता, हुशार होता आणि टेबलावरून उठायचा त्याला भयंकर कंटाळा होता. त्याने नकाशा काढला. नकाशावर डोह नव्हता. म्हणजे ही विनानोंद पाणी साठण्याची जागा झाली. विनानोंद म्हणजे खोली अज्ञात. खोली अज्ञात म्हणजे धोका, आणि धोका म्हणजे पाटी. इतका सगळा विचार त्याने एका चहात संपवला.

वाढदिवसाच्या सकाळी काकू पिशवी घेऊन उत्साहाने गेल्या आणि थोड्याच वेळात कोरड्या केसांनी परत आल्या. काका तेव्हा परवानगी आज तरी हातात पडेल या आशेने चौकटीची काच पुसत होते.

"अहो, डोहाच्या पायऱ्यांना साखळी लावलीय. आणि ही भली मोठी पाटी. पोहण्यास सक्त मनाई."

"काय सांगतेस! कुणी लावली?"

"तुमच्याच ऑफिसने. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, एका जागरूक अर्जदाराच्या अर्जावरून म्हणे." काकू खुर्चीत बसल्या. "कोण मेला हा जागरूक अर्जदार? आम्ही त्याचं काय घोडं मारलं होतं?"

खोटं बोलायची सवय लहानपणीच लावून घ्यावी लागते. काकांचं ते वय निघून गेलं होतं. हातातली चौकट पोटाशी धरून ते म्हणाले, "मी."

काकू ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. दुपारी फक्त स्वयंपाकघरातून आवाज आला, "जेवण टेबलावर ठेवलंय. पोच द्या." आणि सवयीचा गुलाम असलेला हा गृहस्थ "मिळालं" असं म्हणून बसला, त्यामुळे प्रकरण आणखीनच चिघळलं. संध्याकाळी मोठ्या बाई आल्या. त्यांनी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही सज्जन आहात, हेच तर आमचं दुर्दैव. एखाद्या नालायक माणसाने डोह बंद केला असता तर आम्ही त्याच्याशी कडकडून भांडलो तरी असतो." काकांना जमीन दुभंगली तर बरं असं झालं. कॉलनीत तर ते तोंड लपवूनच हिंडू लागले. वकील जिन्यात भेटले की "मी लेखी घ्या म्हणालो होतो, बंद करा म्हणालो नव्हतो" असं म्हणून अंग काढून घेत.

हेही काकांनी सोसलं असतं. पण पावसाळी हवा नसतानाही काकूंचे गुडघे पुन्हा कुरकुरू लागले. त्या जिन्याच्या मध्यावर थांबायच्या, कठड्याला धरून श्वास घ्यायच्या, आणि आता सासरच्या कुणाचंही नाव घ्यायच्या नाहीत. ते काकांना सर्वांत जास्त लागलं. सकाळी घरात गाणं नव्हतं. आपण बायकोच्या आयुष्यातली एवढीशी मोकळी जागा आपल्या हाताने, सुवाच्य अक्षरात बंद केली, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. डोह परत मिळवायचा, त्यासाठी नोकरीभर सांभाळलेली अब्रू गेली तरी चालेल, असं त्यांनी ठरवलं.

ते उपअभियंत्याकडे गेले. "अर्ज मागे घेतो."

"खुशाल घ्या, काका. पण डोह कसा मागे घेणार? तो आता दप्तरी आला."

"आधी तो नव्हता का?"

"आधी तो नव्हताच," उपअभियंता समजावणीच्या सुरात म्हणाला. "हे बघा, त्यात पाणी येतं कुठून? समुद्रातून. समुद्र कुणाचा? बंदर खात्याचा. डोह आमचा आहे असं त्यांनी लिहून दिलं, की मी उभ्या उभ्या पाटी काढतो. नसती जोखीम आम्हाला तरी कुठे हवीय?"

काका बंदर खात्यात गेले. तिथले अधिकारी गोल, गोरेपान आणि टोपीधारी होते. सगळी नोकरी बंदर खात्यात काढूनही समुद्राशी त्यांची ओळख खिडकीतूनच होती. त्यांनी काकांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाणी आमचं, हे मान्य. पण ओहोटीला ते परत यायला हवं की नाही? जे परत येत नाही ते आमच्या हद्दीतून गेलं. आम्ही त्याच्या मागे धावत नाही."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दुसरा कुणी असता तर इथे हात टेकले असते. पण लोक ज्याला काकांचा वेडेपणा म्हणत, तो आता त्यांच्या मदतीला धावून आला. काकांना नियम पाठ होते, आणि त्यांत असा एक नियम होता की ताब्याबद्दल वाद असेल तर दोन्ही खात्यांनी जागेवर जाऊन एकत्र पाहणी केलीच पाहिजे. त्याचा वापर आजवर कुणी केला नव्हता, कारण त्यासाठी ऑफिसातून बाहेर पडावं लागायचं. काकांनी तो नियम दोन्ही खात्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. दोन्ही साहेबांनी काकांकडे असं बघितलं की जणू त्यांनी टेबलावर जिवंत खेकडा सोडला होता.

पाहणीची वेळ अर्थातच दोन्ही साहेबांचा चहा झाल्यानंतरची ठरली. समुद्राला कुणी विचारलं नाही. काका, दोन्ही साहेब, आणि साखळीबाहेरून तमाशा बघायला आलेल्या मोठ्या बाई, काकू व मंडळी असा लवाजमा डोहावर जमला. डोह नीट दिसावा म्हणून दोघे साहेब आणि काका खडकांच्या वाटेने पलीकडच्या, समुद्राकडच्या मोठ्या सपाट खडकावर जाऊन उभे राहिले. मोठ्या बाई अलीकडच्या पायऱ्यांवरून म्हणाल्या, "भरती लागलीय हो. लवकर आटपा."

"चर्चा संपेपर्यंत थांब म्हणावं तिला," बंदर अधिकारी म्हणाले, आणि चर्चा सुरू झाली.

चर्चा रंगली. उपअभियंत्याचं म्हणणं, डोह बंदर खात्याचा. बंदर अधिकाऱ्यांचं म्हणणं, तो नगरपालिकेचा. इतक्या उदारपणे एकमेकांना मालमत्ता देणारी माणसं काकांनी पाहिली नव्हती. उपअभियंत्याने खोली मोजायला सोडलेली टेप हातातून निसटली आणि तळाशी जाऊन बसली. तिचा ताबा कोणाकडे, यावर नवा वाद निघाला. एवढ्यात एक लाट सपाट खडकावर चढून तिघांच्या बुटांत शिरली. मागे वळून बघतात तर आलेली वाट पाण्याखाली! तिथे लाटा चांगल्या घुसळत होत्या.

"आता?" बंदर अधिकाऱ्यांचा आवाज फाटला. "माझी दुपारी मोठ्या साहेबांबरोबर मीटिंग आहे!"

"ओहोटी लागेपर्यंत बसा तिथेच," मोठ्या बाई पायऱ्यांवरून म्हणाल्या. "नाहीतर डोहातून या. खडकांच्या आत पाणी शांत आहे, अजून बराच वेळ शांत राहील. चार हात मारले की इकडे."

"मला पोहता येत नाही!" बंदर अधिकारी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हे कुणाला सांगितलं असावं.

"मलाही," उपअभियंता हळूच म्हणाला.

काकांनी काही म्हणायची गरज नव्हती, त्यांचा चेहराच बोलत होता. मोठ्या बाईंनी साखळी उचलून बाजूला टाकली. 'पोहण्यास सक्त मनाई' या पाटीसमोरून, ती लावणाऱ्या साहेबाच्या देखत, बायका एकामागून एक पाण्यात उतरल्या आणि सपसप हात मारत पलीकडे आल्या. "अरे, चौथीत तू माझ्याच वर्गात होतास," मोठ्या बाई उपअभियंत्याला म्हणाल्या, "तेव्हाही गृहपाठ न करता उत्तर लिहायचास. चल, बूट काढ. पाठीवर पड आणि मी सांगेन तेवढंच कर." उपअभियंत्याने चौथीतल्यासारखं निमूटपणे ऐकलं. बंदर अधिकाऱ्यांना दोघीजणींनी काखेत धरून नेलं. त्यांची टोपी त्यांच्याआधी तरंगत पोहोचली.

खडकावर काका एकटे राहिले. पाण्यात समोर काकू होत्या. इतक्या दिवसांत त्यांनी काकांकडे सरळ बघितलं नव्हतं.

"या."

"अगं, मी बुडेन."

"नाही बुडणार. खारं पाणी आहे, ते कुणाला बुडू देत नाही. आणि मी आहे ना?"

खोटं कशाला सांगा, काका घाबरून अर्धमेले झाले होते. पण काकू बोलल्या होत्या, आणि त्या बोलाव्यात म्हणूनच तर हा सगळा खटाटोप होता. डोळे मिटून काका पाण्यात उतरले, म्हणजे घसरले. नाकातोंडात पाणी गेलं, आता संपलं असं वाटलं, आणि तेवढ्यात पाठीखाली एक हात आला. "मान सोडा. आकाशाकडे बघा. हं, असं. पोट वर करा, तेवढं तर देवाने भरपूर दिलंय." काकांनी आकाशाकडे बघितलं. कानांत पाणी होतं, त्यामुळे जगातले सगळे आवाज पुसट झाले होते. ना ऑफिस, ना कॉलनी, ना पाटी. अंगावर वजन म्हणून नव्हतं. असं सुख त्यांना पगारवाढीतही मिळालं नव्हतं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते समुद्राचं नव्हतं.

"किती छान धरलंयस," ते म्हणाले.

"मी केव्हाच हात काढलाय," काकू लांबून म्हणाल्या.

पायऱ्यांवर पोहोचल्यावर सगळ्यांनी बंदर अधिकाऱ्यांकडे पाहिलं. ते अजून पाण्यातच होते. काठाला धरून त्यांनी पाय हलवून बघितले. मग कुणीतरी मीटिंगचं नाव काढल्यावर म्हणाले, "होऊ दे मीटिंग. अजून एक फेरी मारू का?" उपअभियंता कपडे पिळत पाण्याकडे ज्या नजरेने बघत होता ती नजर काकांनी ओळखली.

आणि मग जे घडलं ते कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. काही दिवसांतच काकांच्या टेबलावर दोन पत्रं आली. बंदर खातं लिहीत होतं की सदर डोह समुद्राच्या पाण्याने भरत असल्यामुळे तो निर्विवादपणे या खात्याचाच आहे. नगरपालिकेचा उपअभियंता लिहीत होता की पाणी काय, येतं नि जातं. तळाचा खडक जमिनीला जोडलेला आहे, सबब डोह निर्विवादपणे नगरपालिकेचाच. काल ज्याला कुणी दारात उभं करत नव्हतं, त्या डोहावर आज दोन घरं हक्क सांगत होती. बंदर अधिकारी तर तिथे सुशोभीकरण आणि प्रवेशपास करायचं म्हणत होते, म्हणे. हे ऐकून मोठ्या बाईंनी कपाळावर हात मारला.

काकांनी मात्र चष्मा पुसला. आयुष्यभराच्या नोकरीत त्यांनी एकही फाइल अडवली नव्हती. त्यांनी आताही अडवली नाही. फक्त नियमावर बोट ठेवून त्यांनी मसुदा केला: ताब्याचा निर्णय होईपर्यंत कोणत्याही खात्याने दुसऱ्याच्या संमतीशिवाय तिथे मनाई करू नये, बांधकाम करू नये, पास लावू नये, आणि पूर्वापार वापर तसाच चालू ठेवावा. दोन्ही खात्यांच्या साहेबांनी न वाचता सही केली. मग ती फाइल काकांनी अगदी नियमाने, एकही टेबल न चुकवता, विधी विभागातून भूमापनकडे, भूमापनमधून बंदर खात्याकडे आणि तिथून अभिप्रायासाठी परत अशी रवाना केली. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. जाणकारांचं मत असं की त्या फाइलवर निर्णय व्हायला आणखी दोन पिढ्या तरी लागतील. वकील आता जिन्यात सगळ्यांना सांगतात की हा मसुदा त्यांनीच सुचवला होता.

मनाईची पाटी तेवढी काढता आली नाही, कारण तिलाही दोन्ही खात्यांची संमती लागते. बायका तिच्यावर टॉवेल वाळत घालतात. उपअभियंता रोज सकाळी टेप शोधण्याच्या निमित्ताने येतो. आणि काका? काका आता काठाला न धरता डोहाच्या मध्यापर्यंत जातात, काकूंच्या मागे मागे, तोंडाने फुर्र फुर्र करत. घरी येताना जिन्यात काकू त्यांच्या पुढे असतात आणि वरून म्हणतात, "या हो लवकर, चहा गार होतोय."

परवा एक नवखं जोडपं डोहाच्या काठी येऊन उभं राहिलं. पाण्याकडे बघून दोघांचे चेहरे खुलले, मग पाटी बघून पडले. नवऱ्याने हातातला टॉवेल चाचपला आणि पाण्यातल्या या पोक्त, प्रतिष्ठित दिसणाऱ्या गृहस्थांना अदबीने हाक मारली, "काका, इथे पोहायचं असेल तर परवानगी कुणाला विचारायची?"

काकांनी दचकून पाण्यातून दोन्ही हात वर केले. त्यामुळे ते क्षणभर बुडाले, पण तसेच धापा टाकत वर आले आणि ओरडले, "कुणालाही विचारू नका! आधी उतरा!"

काकूंना इतकं हसू आलं की त्यांच्याही नाकातोंडात पाणी गेलं, आणि काकांनी त्यांना पायऱ्यांपर्यंत धरून आणलं.